माझी मुलगी सिस्टरांच्या शाळेत का जाते

गेल्या ईदला शीरखुर्म्याची वाटी हातात असतानाच चाचांनी विषय काढला. "क्या इंजिनियर साब, बच्ची कू पादरी के स्कूल में डाले बोलते?" आवाज जरा मोठाच होता. प्रश्न मला कमी आणि बैठकीत बसलेल्या बाकीच्यांना जास्त होता. मी म्हटलं, "हौ चाचा, डाला." त्यावर ते म्हणाले, "कायकू? अपने उर्दू स्कूल कू क्या हुआ?"

मी हसलो आणि खजुराची बशी पुढे सरकवली. सणाच्या दिवशी वडीलधाऱ्यांशी वाद घालायचा नाही, असं अम्मीने शिकवलंय. पण घरी परतताना गाडीवर बायको म्हणाली, "त्यांचे दोन्ही नातू कुठे शिकतात ते तरी विचारायचं." चाचा एका शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर बरीच वर्षं होते. त्यांचे नातू माझ्या मुलीच्याच शाळेत आहेत, एक दुसरीत आणि एक पाचवीत. बैठकीतल्या प्रत्येकाला हे माहीत होतं आणि कुणालाच त्यात विसंगती वाटली नाही. त्या दिवशी जे बोललो नाही ते आता लिहितो आहे.

मुस्लिम पालक मुलांना कॉन्व्हेंटमध्ये का घालतात, याची तीन उत्तरं सोलापुरात फुकट मिळतात. मोहल्ला म्हणतो, दुनियेच्या लालचीपायी दीन गहाण ठेवला. ऑफिसातले काही मित्र म्हणतात, मिशनऱ्यांना धर्मांतर करायचं असतं, तुम्हाला कळत कसं नाही. आणि पुरोगामी मित्र म्हणतात, मातृभाषेतून शिकवायला हवं होतं. तिघांपैकी एकानेही माझ्यासारख्या बापाला कधी विचारलेलं नाही.

दीनचं आधी घेऊ. माझ्या मुलीने शाळेच्या जिन्यावरचा पुतळा पाहून पहिल्याच आठवड्यात विचारलं, "पप्पा, ये मरियम अलैहिस्सलाम हैं ना?" कुराणात मरियमच्या नावाची अख्खी सूरा आहे. ती तिच्या दादीने तिला गोष्टीसारखी सांगितलेली होती. पाच वर्षांच्या पोरीला जे ओळखीचं वाटलं त्याची पन्नाशीतल्या माणसांना भीती वाटते. राज्यघटनेचं कलम २८ सांगतं की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुठल्याही मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाची किंवा प्रार्थनेची सक्ती करता येत नाही. ख्रिस्ती मुलांचा कॅटेकिझमचा तास असतो तेव्हा माझी मुलगी मूल्यशिक्षणाच्या तासाला बसते. दीन घरात असेल तर तो शाळेच्या जिन्यावर सांडत नाही.

धर्मांतराचं गणित तर जनगणनेनेच सोडवून ठेवलंय. १९७१ साली भारतात ख्रिस्ती लोकसंख्या २.६ टक्के होती, २०११ साली २.३ टक्के. महाराष्ट्रात तर ती एक टक्क्याहूनही कमी आहे. या चाळीस वर्षांत किती लाख हिंदू-मुस्लिम मुलं या शाळांमधून बाहेर पडली असतील याचा अंदाज ज्याने त्याने करावा. धर्मांतरासाठीच शाळा चालवत असतील, तर इतका तोट्यातला धंदा दुसरा नाही. लालकृष्ण अडवाणी कराचीच्या सेंट पॅट्रिक्सचे विद्यार्थी. डॉ. अब्दुल कलाम तिरुचिरापल्लीच्या जेझुइटांच्या सेंट जोसेफ कॉलेजचे. दोघे ज्या धर्माचे होते त्याच धर्माचे राहिले.

तिसरा आक्षेप मात्र मला खरोखर टोचतो, कारण तो करणारे माझे जवळचे लोक आहेत आणि हा लेख मी मराठीत लिहितो आहे. मातृभाषेतून शिक्षण, मान्य. पण कुणाची मातृभाषा? आमच्या घरात दखनी बोलतात. उर्दूच्या पाठ्यपुस्तकातली भाषा अम्मीला निम्मी कळते. 'नक्को', 'कायकू', 'हौ' या शब्दांना उर्दू शाळेत मास्तर हसत आणि मराठी शाळेत बाई हसत. शेजारच्या पद्मशाली घरात तेलुगू, पलीकडच्या लिंगायत घरात कन्नड. सोलापूरच्या एका गल्लीत चार मातृभाषा असतात. २०२५ साली पहिलीपासून हिंदीच्या सक्तीवरून महाराष्ट्र पेटला, सरकारला जूनअखेर आपले आदेश मागे घ्यावे लागले. बरंच झालं. पण त्या सगळ्या गदारोळात दखनी बोलणारं लेकरू पहिलीत बसतं तेव्हा त्याला कुठली भाषा परकी वाटते, हे विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. आमच्यापुढे मातृभाषा की इंग्रजी असा पर्याय नव्हता. होत्या त्या तीन परक्या भाषा, त्यातली कुठली निवडायची एवढाच प्रश्न होता.

माझ्या अब्बांनी उर्दू निवडली. म्हणजे निवडली असं म्हणायचं. ते टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते, उर्दू शाळा घराजवळ होती, फी नव्हती आणि शाळेत सगळे आपलेच होते. मी दहावीपर्यंत तिथे शिकलो. शाळेचं नाव लिहीत नाही, सोलापूरकरांना त्याची गरजही नाही. आमचे गणिताचे सर फार चांगले होते. वर्गात सत्तर मुलं, वर पत्रा, एप्रिलमध्ये पारा बेचाळीसला, आणि सर घामाने भिजलेल्या शर्टात प्रमेय सोडवत असायचे. त्यांच्यामुळे मी इंजिनियर झालो यात शंका नाही.

पण महाराष्ट्रात अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीतून असतं. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात सर फळ्यावर 'डिनॉमिनेटर' म्हणाले आणि मी वहीत तो शब्द उर्दू लिपीत लिहून घेतला. मला 'नसबनुमा' येत होता. 'मुसल्लस' येत होता, 'जाविया' येत होता. त्रिकोणाचे तिन्ही कोन मिळून किती, हे मला वर्गातल्या कुणाहीपेक्षा आधी सांगता आलं असतं. पण प्रश्न कुठल्या वस्तूबद्दल चाललाय हेच कळत नव्हतं. आमच्या शाळेतून अकरा जण सायन्सला गेलो होतो. बारावीच्या परीक्षेला चार बसलो. जे गळाले त्यातला एक गणितात माझ्याहून सरस होता. तो आज मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. माझा फोन बिघडला की मी त्याच्याकडेच जातो आणि तो माझ्याकडून पैसे घेत नाही. त्याच्या दुकानातून बाहेर पडताना प्रत्येक वेळी मला त्या अकरावीच्या वर्गाची आठवण होते.

यात उर्दूचा काही गुन्हा नाही. नसबनुमा हा शब्द डिनॉमिनेटरइतकाच नेमका आहे. गुन्हा आहे तो दहावी आणि अकरावीच्या मध्ये पूल न बांधणाऱ्यांचा. पूल बांधायची सोय होती. सेमी-इंग्रजीला राज्यात परवानगी आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी विषय आपल्या माध्यमातून. कितीतरी मराठी शाळा याच आधाराने तगल्या. आमच्या शाळेतही सेमी-इंग्रजी सुरू झाली असं नंतर कळलं. पुस्तकं इंग्रजी आली, शिकवणारे तेच राहिले. पुस्तक इंग्रजी, फळ्यावरचं उर्दू, आणि परीक्षेला गाईड.

आता मी कॉन्व्हेंटमध्ये काय पाहिलं ते सांगतो. इंग्रजी तर आहेच, आणि त्याबद्दल मी लाजणार नाही. माझी रोजीरोटी त्याच भाषेत आहे. पण निव्वळ इंग्रजीच हवी असती तर होटगी रस्त्याच्या बाजूला 'इंटरनॅशनल', 'ग्लोबल' अशा पाट्यांच्या शाळा आहेतच. तिथेही चौकशी केली. एका ठिकाणी फॉर्मवरचं नाव वाचून बाई गोड हसून म्हणाल्या, "आमच्याकडे सगळं भारतीय संस्कृतीप्रमाणे असतं हं, तुम्हाला चालेल ना?" मला चालणार होतं. त्यांना चालणार नाही हे कळलं. सिस्टरने असला प्रश्न विचारला नाही. ती स्वतः या शहरातली अल्पसंख्याक आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. प्रिन्सिपल सिस्टरचा सोलापुरात कुणी भाचा नाही, कुणी व्याही नाही. तिला महापालिकेची निवडणूक लढवायची नाही. काही वर्षांनी तिची बदली होते आणि ती एक सुटकेस घेऊन निघून जाते. शाळा तिच्या मुलाच्या नावावर होत नाही. शिक्षक उशिरा आला तर त्याला विचारता येतं, कारण तो कुणाचा मेहुणा नाही. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी असतं. तक्रार लिहून दिली की तीन दिवसांत उत्तर येतं, नकाराचं का असेना. या साध्या गोष्टींसाठी बिडी कारखान्यातला मुनीम आणि हॉस्पिटलातली नर्स पोटाला चिमटा काढून फी भरतात. त्यांना येशू नको असतो आणि मेकॉलेही नको असतो. शाळा शाळेसारखी चालावी, एवढंच त्यांना हवं असतं.

म्हणून कॉन्व्हेंट म्हणजे जन्नत, असंही नाही. माझ्या मुलीला आवारात दखनी बोललं की टोकतात. एकदा तिने अम्मीला सांगितलं, "दादी, स्कूल में आप मत बोलना." अम्मी दोन दिवस गप्प होती. मराठी ती रडतखडत वाचते. उर्दूसाठी मी रविवारी स्वतः बसतो. गणवेशाचा प्रश्न उद्या उभा राहणारच. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोचीतल्या एका ख्रिस्ती शाळेत डोक्यावरच्या रुमालावरून वाद झाला आणि मुलीने शेवटी ती शाळा सोडली. दोन अल्पसंख्याक समाज एकमेकांसमोर उभे ठाकले आणि टाळ्या तिसऱ्यानेच वाजवल्या. तशी वेळ आली तर मी त्याच प्रिन्सिपलसमोर जाऊन बसेन आणि भांडेन. फी भरतो म्हणून कृतज्ञ राहायचं असं काही ठरलेलं नाही.

पण माझी खरी अडचण वेगळीच आहे. ती माझ्या बहिणीने माझ्या तोंडावर मांडली. तिचा नवरा रिक्षा चालवतो. तिची मुलगी माझ्या मुलीहून चार महिन्यांनी लहान. माझ्या मुलीचा प्रवेश झाला त्या दिवशी पेढे घेऊन गेलो तर ती म्हणाली, "भाईजान, आरटीई में मेरी का भी फारम भर दो ना वहीं." मला तिला सांगावं लागलं की तिथे आरटीई नाही.

हे नीट समजून घ्यायला हवं. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. खासगी विनाअनुदानित शाळांनी २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवायच्या, फी सरकार देणार. सोडतीत नाव लागलं की रिक्षावाल्याची मुलगी डॉक्टरच्या मुलीशेजारी बसणार. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट, अशी पळवाट काढली. उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केली. पण अल्पसंख्याक शाळांना २०१४ च्या प्रमती निकालाने या कायद्यातूनच पूर्ण वगळलंय. कॉन्व्हेंट अल्पसंख्याक, म्हणून तिथे सोडत नाही. माझ्या बहिणीच्या मुलीला अल्पसंख्याक असूनही, किंवा अल्पसंख्याकांच्या हक्काच्या नावानेच, तो दरवाजा बंद आहे.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये या शाळांचा एक अहवाल काढला. आयोगाचा हेतू कितपत निर्मळ होता यावर माझ्या शंका आहेत, पण आकडे टाळून चालणार नाहीत. धार्मिक अल्पसंख्याकांत ख्रिस्ती ११.५४ टक्के, अल्पसंख्याक शाळांत त्यांचा वाटा ७१.९६ टक्के. मुस्लिम ६९.१८ टक्के, शाळांत वाटा २२.७५ टक्के. आणि या सगळ्या अल्पसंख्याक शाळांत सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित मुलं फक्त ८.७६ टक्के. पहिले दोन आकडे आमच्या भाषणांत येतात: बघा, आपण किती मागे. तिसरा आकडा कुणी उच्चारत नाही, कारण त्याचा जाब ख्रिस्ती संस्थांना विचारायचा तर तोच आपल्यालाही द्यावा लागतो.

घटनेचं कलम ३० सिस्टरांसाठी वेगळं आणि आमच्या चाचांसाठी वेगळं नाही. आपल्या पसंतीची शाळा काढायचा आणि चालवायचा तोच हक्क, शिक्षक निवडायचं तेच स्वातंत्र्य, सरकारी हस्तक्षेपापासून तेच संरक्षण. त्यातून एकाने अशी शाळा उभी केली की तिच्याबाहेर पहाटेपासून रांगा लागतात. दुसऱ्याने अशी की तिचे स्वतःचे विश्वस्त आपली नातवंडं तिथे घालत नाहीत. फरक पैशाचा आहे असं सांगितलं जातं. थोडा आहेही. पण आमच्या बहुतेक जुन्या शाळा अनुदानित आहेत, शिक्षकांचा पगार सरकार देतं, आणि तो पगार कॉन्व्हेंटच्या अनेक खासगी शिक्षकांपेक्षा चांगला आहे. मग पैसा जातो कुठे असं नाही, माणूस येतो कुठून असं विचारा. अनुदानित जागेवर लागायला काय भाव चाललाय, हे बेगम पेठेतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर कळतं. ज्याने नोकरी विकत घेतली, त्याला अकरावीचा पूल बांधायला कोण आणि कुठल्या तोंडाने सांगणार?

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने प्रमती निकालावरच शंका घेतली आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवायला सांगितलं. हा वाद तिथपर्यंत पोचला तो शिक्षक पात्रता परीक्षेवरून, म्हणजे टीईटीवरून, आणि खटल्याच्या नावात आपल्याच राज्यातल्या एका मुस्लिम शिक्षणसंस्थेचं नाव आहे. कायद्याचा मुद्दा तिथे खरा आहे, हे मी नाकारत नाही; सरकारला एकदा दार उघडून दिलं की ते कुठवर आत येईल, ही भीतीही खोटी नाही. पण जरा बाहेरून पाहा. आपल्या मुलांना शिकवणाऱ्यांनी पात्रता परीक्षा द्यायची की नाही, यावर आपण देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयात भांडतो. शिक्षक चांगले मिळत नाहीत म्हणून आपण एकदा तरी कुठल्या कचेरीवर मोर्चा नेला का? गणवेशावर नेला. पाठ्यपुस्तकातल्या एका चित्रावर नेला. नसबनुमावर कधी नाही.

आणि मग ईदच्या दिवशी माझ्यासारख्याला विचारायचं की पादरीच्या शाळेत का.

आमच्या शाळेत सकाळी परिपाठाला इक्बालने मुलांसाठी लिहिलेली दुआ म्हणायचो. दहा वर्षं रोज म्हटली. इक्बाल स्वतः सियालकोटच्या स्कॉच मिशनच्या शाळेत शिकला, हे दहा वर्षांत एकाही मास्तरांनी सांगितलं नाही. मला ते इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना एका हिंदू मित्राकडून कळलं. इक्बालला सय्यद मीर हसन यांच्यासारखा उस्ताद त्याच मिशनच्या संस्थेत लाभला, तिथे ते अरबी-फारसी शिकवत. म्हणजे पादरीच्या छताखाली मौलवी शिकवत होता आणि त्यातून इक्बाल घडला.

दुसरी गोष्ट तर महाराष्ट्रातलीच. जोतीराव फुल्यांची शाळा मध्येच सुटली होती. लोकांनी गोविंदरावांचे कान भरले, मुलगा शिकून बिघडेल म्हणून सांगितलं, आणि जोतीबा बापाच्या बागेत कामाला लागले. तेव्हा गोविंदरावांकडे जाऊन या मुलाला शाळेत घाला असं पटवून देणारे दोघे होते. एक लिजिट साहेब आणि दुसरे शेजारचे फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी. १८४१ साली जोतीराव पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. मुन्शींना ती शाळा पादऱ्यांची आहे हे माहीत नव्हतं असं समजायचं कारण नाही. आपल्या सभांमध्ये मुन्शींचं नाव घेतात, फोटो नसल्यामुळे बॅनरवर नुसती अक्षरं छापतात, आणि हे मात्र गाळतात की एका मुसलमान शिक्षकाने शेजारच्या माळ्याच्या मुलासाठी त्याच्या बापाकडे शब्द टाकला तो मिशनच्या शाळेचा होता. मुलगा कुणाचा, शाळा कुणाची, हे त्यांनी पाहिलं नाही. मुलगा शिकतोय का, एवढंच पाहिलं.

माझ्या बहिणीची मुलगी आता माझ्याच जुन्या शाळेत जाते. पहिलीत आहे. संध्याकाळी दोघी आमच्या गच्चीवर अभ्यासाला बसतात. माझी मुलगी तिला इंग्रजी आकडे शिकवते, ती माझ्या मुलीला अलिफ-बे. परवा तिने विचारलं, "मामू, मैं बड़ी होके इसके स्कूल में आऊँ क्या?" मी म्हटलं, "देखेंगे." एवढंच म्हणता आलं.

त्या रात्री मी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी छापील अर्ज घेऊन कार्यालयात गेलो. अर्जात तीन गोष्टी विचारल्या आहेत. सेमी-इंग्रजीचे गणित-विज्ञानाचे तास कोणते शिक्षक घेतात आणि त्यांची त्या विषयातली पदवी काय? कायद्याने सक्ती नसली तरी संस्थेची जी इंग्रजी शाळा फी घेऊन चालते, तिथे चौथा हिस्सा जागा गरीब मुलांना द्यायची तयारी आहे का? आणि कार्यकारिणीच्या सदस्यांची किती मुलं-नातवंडं संस्थेच्या शाळांत शिकतात? तिसऱ्या प्रश्नावर शिपाई हसला. क्लार्कने मात्र शिक्का मारून पोच दिली. सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हे घ्यावं अशी विनंती केली आहे. आमच्या बॅचचे सतरा जण सह्या करून गेले आहेत, मोबाईलच्या दुकानातला माझा मित्र त्यांत पहिला. चाचांनाही एक प्रत पाठवली आहे. निरोप आला की ईद गेली, आता घरी येऊन बोल. या शुक्रवारी नमाजनंतर जाणार आहे.